मीठपाण्यात तरंगलेली नळी

तुम्ही नोकरीत काय करायचात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "रेघ ओढायचे." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई ड्रॉइंग शिकवत असणार. मग मी त्याला बसवून सगळं सांगते, आणि मला सांगायची हौस असल्यामुळे त्याचा चहा गार होतो.

कर्जत-खोपोली रस्त्यावर, खालापूर तालुक्याच्या हद्दीत आमचा लहानसा कारखाना होता. पत्र्याची शेड, तीन मशीन, पंचवीसेक माणसं. आम्ही दवाखान्याच्या नळ्या बनवायचो. नाकातून पोटात घालायची नळी, लघवीची नळी, ऑपरेशननंतर पोटात साठलेलं घाण पाणी बाहेर काढायची नळी. आता प्लॅस्टिकची अडचण अशी की ते शरीरात गेलं की एक्स-रेच्या फोटोत दिसत नाही. टोक कुठे पोचलं, कुठे वळलं, तुटलं की काय, डॉक्टरला काही कळायला मार्ग नाही. म्हणून नळीच्या अंगातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पांढरी रेघ घालतात. ती नुसत्या रंगाची नसते. बेरियमची पांढरी, भलतीच जड पूड प्लॅस्टिकमध्ये कालवून ती रेघ काढतात. एक्स-रे मांसातून पार जातो, हाडाशी अडतो, तसा या पुडीशीही अडतो. नळी दिसत नाही, पण तिची रेघ दिसते. डॉक्टरला तेवढं पुरतं.

मागच्या वर्षी भाच्याच्या पाठीचा एमआरआय काढायला पनवेलला गेले होते. मशीनवरच्या बाईंना मी ऐटीत विचारलं, "आमची बेरियमची रेघ यात कशी दिसते हो?" त्या म्हणाल्या, "दिसतच नाही, आजी. हे चुंबकाचं मशीन आहे, शरीरातलं पाणी बघतं. यात सुई किंवा नळी दिसायची असेल तर तिला वेगळंच काहीतरी लावावं लागतं." मला आधी रागच आला. आयुष्यभराचं काम हिने एका वाक्यात मोडीत काढलं. घरी येताना मात्र हसू आलं. आपल्या डोळ्याला दिसलं म्हणजे मशीनला दिसलं असं नाही, हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं. मी ते एका दसऱ्याला शिकले होते, आणि चांगलीच पोळले होते.

मी मूळची दहिवलीची. मॅट्रिक झाले आणि या कारखान्यात तपासणीवर लागले. मालकांना सगळे नाना म्हणायचे. इंजिनीयर माणूस, चिडले की आवाज चढण्याऐवजी खाली जायचा, आणि ते हळू बोलायला लागले की शेडमधली माणसं आपापल्या मशीनमागे जायची. नानांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सुमन, खोक्यातल्या चिठ्ठीवर तुझी सही असेल तरच खोका बाहेर जाणार. मी म्हटलं तरी तुझ्या सहीशिवाय नाही." अठरा वर्षांच्या मुलीला असं कुणी म्हटलं तर तिच्या डोक्यात हवा जाणारच. माझ्या गेली.

पूड कालवायचं काम गणू भोईरचं. खालापूरकडचा भातशेतीवाला गडी, हात सोन्याचा, पण जीव सगळा मापावर. समोर वजनकाटा असायचा, तरी हा भात मोजल्यासारखा पत्र्याच्या मगाने पूड घालायचा, आणि काट्यावर ठेवलं तर तोळाभराचा फरक नसायचा. त्यामुळे पुढे पुढे काट्यावर ठेवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. आम्ही जोडीला बागेत पाणी घालायचे पाइपही काढायचो आणि त्यात स्वस्तातली चुनखडीची पूड जायची. तीही पांढरी. पावसाळ्यात गोणीतली पूड दमट होऊन गोळे होतात म्हणून दोन्ही प्रकारची पूड झाकणाच्या डब्यांत भरून ठेवायचो. बेरियमच्या डब्यावर मी कोळशाने फुली मारलेली, चुनखडीच्या डब्यावर गोल. बेरियमचा डबा उचलताना गणू रोज तेच बोलायचा, "ह्यात पूड नाय बाय, कुनीतरी धोंडा भरलाय."

आणि प्रत्येक नव्या मालाची खरी परीक्षा कर्जतच्या बाजारात व्हायची. तिथे सामंत म्हणून एक एक्स-रेवाले होते. तेव्हा गावात एक्स-रे त्यांच्याकडेच. मालाचा एक तुकडा कापून मी पर्समध्ये घालायची, एसटीने कर्जतला जायची, आणि कुणाच्या हातापायाचा फोटो निघत असला की सामंत त्या फिल्मच्या रिकाम्या कोपऱ्यात आमचा तुकडा ठेवायचे. एकदा ठाकुरवाडीचे एक म्हातारबाबा मनगट दुखतं म्हणून आले. फोटो उजेडाला धरल्यावर त्यांना कोपऱ्यात आमची रेघ दिसली. ते काही केल्या उठेनात. म्हणाले, "हाड बसवा नायतर नका बसवू, पर ती तार आधी काडा." सामंतांनी परोपरीने समजावलं. शेवटी मी तो तुकडा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांची खात्री पटली, आणि तुकडा ते घरी घेऊन गेले.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट असेल. दसऱ्याला मी दोन दिवसांची रजा घ्यायची. आमचा तो धम्मचक्र दिन, दहिवलीच्या विहारात दिवसभर कार्यक्रम, स्वयंपाक माझ्याकडे. इकडे कारखान्यात खंडेनवमीची पूजा. मशीन पुसायची, हत्यारं मांडायची, झेंडूच्या माळा. त्या वर्षी गणूला उत्साह फार. त्याने सगळे डबे सोड्याने घासले, आरशासारखे लख्ख केले आणि प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. माझी फुली आणि माझा गोल सोड्याबरोबर गटारात गेले. कोळशाची खूण पुसली जाणार हे मला कळायला हवं होतं. ऑइलपेंटचा डबा शेडमध्येच होता. दोन मिनिटांचं काम, पण ते मी वर्षभर उद्यावर टाकलं होतं.

दसऱ्यानंतर मोठी ऑर्डर होती, ऑपरेशननंतरच्या नळ्यांची. माल निघाला. मी तुकडा घेऊन कर्जतला गेले तर सामंतांच्या दाराला कुलूप, सहकुटुंब गावी गेलेले, दिवाळीपूर्वी परत येतील असं शेजारच्याने सांगितलं. नानांना टेंपो दुसऱ्या दिवशी भरायचा होता. मी नळ्या उजेडाला धरून बघितल्या. रेघ अशी पांढरीशुभ्र, अशी सरळ, की मी स्वतःवरच खूश झाले. इतकी वर्षं बघतेय, माझा डोळा चुकेल का, असं मनात म्हटलं आणि सही केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. नानांनी विचारलंसुद्धा, "सामंतांकडे जाऊन आलीस ना?" मी म्हटलं, "जाऊन आले." तेवढं खरं होतं.

दिवाळीनंतर, नव्या गोणीच्या पुडीने काढलेल्या पुढच्या मालाचा तुकडा घेऊन गेले तेव्हा सामंत भेटले. सकाळची वेळ, बाजारातली वीज गेलेली, सामंत दारात खुर्ची टाकून बसले होते.

"सुमनताई, तुमच्या नळीची अब्रू वाचली बरं का," ते हसत म्हणाले.

"का, काय झालं?"

"शेलूच्या एक हौसाबाई आहेत, डॉक्टर काळ्यांच्या दवाखान्यात. आतड्याचं ऑपरेशन झालं, नळी ठेवली होती. काढताना तुटली. नळी कापून घातली तेव्हा किती लांब होती ते लिहिलेलं नाही, त्यामुळे आत काही राहिलं का कळेना. मी दोन फोटो काढले. आत काही नाही. बाईंचा ताप उतरत नाही, पण तो दुसऱ्या कशाने असेल. आज दुपारच्या गाडीने घरी सोडतायत." मग खणातून कागदाची पुडी काढून म्हणाले, "हा बाहेर आलेला तुकडा. नळी तुटलीच कशी, हे डॉक्टरांनी तुमच्या मालकांना विचारायला सांगितलंय."

पुडी उघडली. आमचीच नळी. रेघ पांढरीशुभ्र, सरळ. मला ती रेघ ओळखू आली. दसऱ्यानंतरचा माल, ज्याचा फोटो निघालाच नव्हता.

"सामंत, याचा फोटो काढा. आत्ता."

"वीज कुठाय? चारशिवाय येत नाही म्हणतात."

आणि हौसाबाई दुपारच्या गाडीने निघणार होती. आत तुकडा असेल तर तो घेऊन शेलूला जाणार, तिथे ताप वाढणार, आणि सगळे म्हणणार फोटोत काही नव्हतं. नुसत्या संशयावर डॉक्टरकडे काय बोलायचं? तुकडा हातात घेऊन मी नुसती उभी होते.

त्या वेळी मला आईची बादली आठवली. आमची थोडी भातशेती होती. पेरणीआधी आई बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायची. पाण्यात बटाटा तरंगेपर्यंत मीठ घालायचं, मग भात ओतायचं. भरलेला दाणा तळाला जातो, पोचट वर येतो. बेरियम जड, चुनखडी हलकी. साध्या पाण्यात आमच्या दोन्ही नळ्या बुडतील, पण पाणीच जड केलं तर?

समोरच्या हॉटेलातून काचेचा ग्लास आणि मूठमूठ मीठ आणलं. सामंतांना वाटलं बाईला भोवळ आली, साखर-मीठ घेतेय. मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळलं. पर्समधला नवा तुकडा कापला, आतली हवा दाबून काढली आणि सोडला. तो सावकाश तळाला जाऊन बसला. मग हौसाबाईच्या नळीचा तेवढाच तुकडा, तशीच हवा काढून सोडला. तो वर आला. बोटाने खाली दाबला, परत वर आला.

सामंत खुर्चीतून उठले. "म्हणजे माझे फोटो..."

"तुमचे फोटो बरोबर आहेत. आमच्या रेघेत बेरियमच नाही."

नियमाने मी आधी नानांना कळवायला हवं होतं. माल त्यांचा, नाव त्यांचं, आणि बाहेरच्या डॉक्टरपुढे जाऊन आमची नळी खोटी आहे असं सांगायचा मला काय अधिकार? पण फोन लावा, नाना येईपर्यंत थांबा, ते विचार करणार, तोवर गाडी सुटायची. मी ग्लासवर बशी झाकली आणि चालत दवाखाना गाठला. आयुष्यात इतकी सांभाळून मी कधी चालले नाही.

डॉक्टर काळे पंचावन्न वर्षांचे, तापट म्हणून गावात प्रसिद्ध. हौसाबाई व्हरांड्यात बाकावर बसली होती, लुगडं नेसून तयार, चेहरा तापाने लाल. नवरा बोचकं बांधत होता. मी डॉक्टरांच्या टेबलावर ग्लास ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी दोन्ही तुकडे बघितले, चष्मा काढला. "बाई, या मीठपाण्याच्या भरवशावर मी पुन्हा पोट उघडू?"

"उघडू नका. फक्त आज सोडू नका. चारला वीज आली की दोन्ही तुकड्यांचा फोटो काढा. रेघ दिसली तर मी तुमचे पाय धरीन आणि नोकरी सोडीन."

"आणि ही चिठ्ठीवरची सही कुणाची?" त्यांच्याकडे खोक्यातली चिठ्ठी होती.

"माझी."

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग व्हरांड्यात जाऊन म्हणाले, "हौसाबाई, आजची गाडी चुकली म्हणायची." नवरा कुरकुरला, घरी भात कापायला आलाय म्हणाला. हौसाबाई त्याला म्हणाली, "रवू दे रं. मला तसं बी बसवत नाय."

चारला वीज आली. पोट म्हणजे बरंचसं पाणीच, म्हणून सामंतांनी दोन्ही तुकडे पाण्याने भरलेल्या ट्रेखाली ठेवून फोटो काढला. फिल्म धुऊन ओलीच उजेडाला धरली. डाव्या बाजूला एक स्वच्छ पांढरी रेघ. उजव्या बाजूला काही नाही. काळे डॉक्टर फिल्मकडे बघत म्हणाले, "उद्या सकाळी." बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी चार बोटं लांबीचा तुकडा निघाला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. आतून येऊन नर्सने सांगितलं तेव्हा मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. आनंदाने रडले की लाजेने, ते मला आजही सांगता येत नाही.

नानांकडे मी आदल्या संध्याकाळीच गेले होते. त्यांनी सगळं ऐकलं. आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "मला न विचारता गेलीस?"

"हो."

"बरं केलंस. मी एक दिवस विचार केला असता." मग म्हणाले, "सामंतांचं कुलूप बघून आलीस आणि मला जाऊन आले म्हणालीस. ते मात्र मी विसरणार नाही." आणि ते विसरले नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं, तुकडा तपासून आले की नाना माझ्याकडे हात पुढे करायचे आणि मी मुकाट्याने फिल्म हातात द्यायची.

दोन टेंपो फिरवून जेवढ्या दवाखान्यांत तो माल गेला होता तिथून तो परत आणला. कारखान्यात हौदभर मीठपाणी केलं आणि आम्ही बायका पदर खोचून नळ्या निवडत बसलो, बियाणं निवडावं तशा. प्रत्येक खोक्यातल्या दोन-दोन नळ्यांचे तुकडे कापून सोडायचे, एकही तरंगला तर अख्खं खोकं बाद. बाद झालेल्या सगळ्या नळ्या नानांनी मला स्वतःच्या हाताने कात्रीने कापायला लावल्या. अंगठ्याला फोड आले. तक्रार करायची सोय नव्हती.

गणू हौदापाशी खाली मान घालून उभा होता. शेवटी म्हणाला, "बाय, त्या दिशी डबा हलका लागला हुता."

"मग बोलला का नाहीस रं?"

"मला वाटलं, नवरात्राचा उपास सुटला, दसऱ्याला मटन खाल्लं, अंगात ताकद आली."

त्याच्यावर ओरडायला मी कोण? त्याने हाताला लागलेलं वजन खोटं मानलं, मी डोळ्याला दिसलेली रेघ खरी मानली. दोघांनी मिळून तो माल बाहेर पाठवला होता. त्याच दिवशी मी डब्यांवर लाल ऑइलपेंटने नावं लिहिली आणि गणूने वजनकाटा पुसून पुडीच्या डब्यांशेजारी मांडला.

शिमग्याच्या आसपास हौसाबाई नवऱ्याबरोबर कारखान्यात आली. अंगाने भरली होती. कुणीतरी तिला मिठाच्या पाण्याची गोष्ट सांगितली होती आणि तिला ते फार गमतीचं वाटलं होतं, कारण शेतकरीण म्हणून ती ते दरसाल करत होती. मी तिला मशीन दाखवलं, नळी दाखवली. तिने रेघेवरून बोट फिरवलं.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत असायला हवं. ती खोटी नळी पास केली ती मी. त्यावर सही माझी होती."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. हौसाबाई नळीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "डाक्टरनं सांगितलंय मला. म्हनून तर आले. कोन बाई हाय ती बगायला." थोड्या वेळाने नळी माझ्या हातात देत म्हणाली, "आता नीट बगत जा गं."

पुढे नोकरी संपेपर्यंत मी फिल्म हातात असल्याशिवाय एकही सही केली नाही. सुट्टीच्या दिवसांत सामंत नसले तर माल थांबला, नाना चिडले, गिऱ्हाईक चिडलं, टेंपोवाला चिडला. चिडोत बापडे. माझ्या सहीने त्यानंतर कुणाचं वाकडं झालं नाही आणि हे मी छाती पुढे काढून सांगते.

निरोपाच्या दिवशी काय देऊ, असं नानांच्या मुलाने विचारलं. सगळ्यांना चांदीची वाटी मिळायची. मी ती फिल्म मागितली. सामंतांनी त्या दिवशी चारच्या विजेवर काढलेली ती. गणूने ती पुडीच्या डब्यांच्या वर भिंतीला टांगली होती आणि दर खंडेनवमीला तिला हळद-कुंकू लावायचा, त्यामुळे एक कोपरा पिवळा पडला आहे. आता ती माझ्या दहिवलीच्या घरात खिडकीच्या काचेला लावलेली असते. येणारा-जाणारा विचारतो, ही एकच रेघ कसली? मी सांगते, या फोटोत दोन नळ्या आहेत. लोक डोळे बारीक करून शोधतात आणि त्यांना दुसरी सापडत नाही. मग मी उठते आणि उजव्या बाजूला, जिथे काहीच नाही, तिथे बोट ठेवून सांगते, "ही बघा. हिच्यावर माझी सही आहे."